उष्णता सोसणारे एन्झाइम आणि रोगनिदानातील पीसीआर : नमुन्यापासून अहवालापर्यंत

पीसीआर, म्हणजे पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, ही डीएनएच्या निवडक तुकड्याच्या फेरीफेरीने असंख्य प्रती काढण्याची पद्धत आहे. डीएनएचे दोन धागे सुटे व्हावेत म्हणून तिच्या प्रत्येक फेरीत मिश्रण ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावे लागते, आणि एवढ्या उष्णतेत बहुतेक प्रथिनांची घडी मोडून ती कायमची निकामी होतात. कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये ही पद्धत सुचली आणि १९८५ मध्ये सिकल सेल आजाराच्या निदानासाठी बीटा-ग्लोबिन जनुकाच्या भागाचे बहुगुणन (प्रती वाढवणे) प्रसिद्ध झाले, तेव्हा ई. कोलाय जिवाणूच्या पॉलिमरेजचा, म्हणजे डीएनएची प्रत जोडत जाणाऱ्या एन्झाइमचा, क्लेनो नावाचा तुकडा वापरला जात असे. तो दर फेरीत मरत असल्यामुळे प्रत्येक वेळी नळी उघडून ताजे एन्झाइम घालावे लागे. यावरचा उपाय खरे तर आधीपासून उपलब्ध होता. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उष्ण झऱ्यांमध्ये थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना सापडलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे वर्णन १९६९ मध्ये छापले गेले होते, आणि त्यातील पॉलिमरेज १९७६ मध्ये ॲलिस चिएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केले होते. हेच टॅक पॉलिमरेज. पीसीआरमधील त्याच्या वापराचा शोधनिबंध १९८८ मध्ये आला आणि तेव्हापासून नळीचे झाकण बंद ठेवून सगळ्या फेऱ्या पूर्ण करता येऊ लागल्या.

झाकण बंद राहिल्यामुळे निदान सोपे झाले, पण टॅक काहीही सोसते असा एक समजही त्याबरोबर पसरला. ते उष्णता सोसते, तीही मर्यादेत; रक्तातील हीम (हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग), हेपरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य), मॅग्नेशियमची कमतरता आणि आधीच्या चाचणीतून उडालेला डीएनए यांपुढे ते इतर कोणत्याही एन्झाइमइतकेच हतबल असते. म्हणून पुढील टप्पे एन्झाइमच्या बाजूने मांडले आहेत : त्याला काय लागते, काय चालत नाही आणि ते कुठे फसवते.

एन्झाइमची निवड

टॅकची अर्धआयु, म्हणजे त्याची निम्मी क्रियाशीलता नष्ट होण्यास लागणारा वेळ, ९५ अंशांना साधारण ४० मिनिटे आहे, ९७.५ अंशांना ती सुमारे ९ मिनिटांवर येते, तर ९२.५ अंशांना दोन तासांहून अधिक असते. या आकड्यांवरून आपल्या कार्यक्रमाचा हिशेब करून पाहावा. सुरुवातीला १० मिनिटे आणि पुढे ४५ फेऱ्यांत प्रत्येकी १५ सेकंद ९५ अंश ठेवले, तर एकूण सव्वाएकवीस मिनिटे होतात आणि शेवटी सुमारे ७० टक्के एन्झाइम शिल्लक राहते. सवयीने प्रत्येक फेरीत एक मिनिट ठेवले तर बेरीज ५५ मिनिटांची होते आणि जेमतेम ३८ ते ३९ टक्के उरते. नेमक्या ज्या शेवटच्या फेऱ्यांत क्षीण नमुना दिसायचा असतो, त्या फेऱ्यांत एन्झाइम दमलेले असते. डीएनएच्या शंभर-दीडशे अक्षर-जोड्यांचा छोटा तुकडा असेल तर १५ सेकंद पुरतात, त्यामुळे «थोडे जास्त ठेवलेले बरे» हा विचार येथे तोट्याचा ठरतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. टॅक ७० अंशांच्या आसपास सेकंदाला साठाहून अधिक न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएच्या कड्या, जोडते, पण थंडीत ते पूर्ण झोपलेले नसते : ३७ अंशांना सेकंदाला सुमारे दीड आणि २२ अंशांना पाव न्यूक्लिओटाइड या मंद गतीने त्याचे काम सुरूच असते. मिश्रण टेबलावर अर्धा तास पडून राहिले तर एवढी गतीही पुरेशी असते, कारण कमी तापमानात प्रायमर, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, चुकीच्या जागी किंवा एकमेकांना चिकटलेले असतात आणि टॅक ती चूक लांबवून पक्की करते. पुढच्या सर्व फेऱ्यांत त्या चुकीच्याही प्रती निघत राहतात. यासाठी निदानाच्या कामात हॉट-स्टार्ट प्रकारचेच, म्हणजे तापवल्यावरच कामाला लागणारे, एन्झाइम घ्यावे. त्यातील प्रतिपिंडाने झाकलेले एन्झाइम ९५ अंशांना दोन-तीन मिनिटांत मोकळे होते, तर रासायनिक बंधाने झाकलेल्याला साधारण १० मिनिटे लागतात. कोणता प्रकार आहे हे पाकिटातील माहितीपत्रात वाचल्याशिवाय जुना कार्यक्रम जसाच्या तसा चालवू नये. दहा मिनिटांचे एन्झाइम दोन मिनिटांत उठवल्यास सर्व नमुन्यांचा संकेत उशिरा दिसतो आणि दोष नमुन्यांना दिला जातो.

चुका तपासणारे पॉलिमरेज अधिक अचूक, म्हणून निदानासाठी अधिक चांगले, असे नवख्यांना वाटते. मला हा मोह अनाठायी वाटतो. पायरोकॉकस फ्युरिओससचे पीएफयू पॉलिमरेज जोडलेला चुकीचा न्यूक्लिओटाइड मागे वळून काढून टाकते, आणि क्रमवाचनासाठी किंवा क्लोनिंगसाठी ते गुणकारी आहे. पण रिअल-टाइम पीसीआरमध्ये, म्हणजे प्रती वाढत असतानाच यंत्र त्यांची चमक मोजते त्या प्रकारात, तुटल्यावर चमकणारा जलविघटन प्रोब असतो; तो तुटण्यासाठी धाग्याच्या पाच-प्राइम टोकाकडून तीन-प्राइम टोकाकडे जाणारी जी छेदनक्रिया लागते, ती टॅकमध्ये आहे आणि पीएफयूमध्ये नाही. एकाच अक्षराचा फरक ओळखण्यासाठी प्रायमरच्या तीन-प्राइम टोकाचा उपयोग करायचा असेल, तर पीएफयू ते न जुळणारे टोकच कुरतडते आणि भेद पुसला जातो. शिवाय साच्यातील, म्हणजे ज्याची प्रत काढायची त्या धाग्यातील, युरॅसिलपाशी (थायमिनऐवजी आलेल्या अक्षरापाशी) ते अडते, त्यामुळे प्रदूषण रोखण्याची पुढे दिलेली युक्ती त्याच्याबरोबर चालत नाही. टॅककडे ही दुरुस्तीची क्षमता नसली, तरी हजारो-लाखो प्रतींमध्ये विखुरलेल्या तुरळक चुका «आहे की नाही» या प्रश्नाचे उत्तर बदलत नाहीत.

जागा आणि कामाची दिशा

मिश्रण तयार करणे, नमुन्यातून डीएनए काढणे आणि बहुगुणन ही तीन कामे तीन वेगळ्या खोल्यांत, आणि ते शक्य नसेल तर निदान वेगळ्या बंदिस्त कक्षांत करावीत; प्रत्येक जागेचे पिपेट, एप्रन आणि हातमोजे स्वतंत्र असावेत. माणूस आणि सामान स्वच्छ जागेकडून बहुगुणनाच्या जागेकडेच जावे, त्याच दिवशी उलटे येऊ नये. हा नियम जाचक वाटेल, पण हिशेब पाहावा. पूर्ण झालेल्या २५ मायक्रोलिटर अभिक्रियेत लक्ष्य तुकड्याच्या एकावर बारा शून्ये इतक्या प्रती असू शकतात. झाकण उघडताना त्यातील मायक्रोलिटरचा दशलक्षावा भाग हवेत उडाला, तरी त्यात हजारो प्रती असतात, आणि चाचणी तर दहा-वीस प्रतीही ओळखते. म्हणून बहुगुणनानंतरची नळी उघडायचीच नाही. ती झाकणासह पिशवीत बंद करून टाकावी.

पृष्ठभाग ताज्या पातळ केलेल्या सोडियम हायपोक्लोराइटने पुसावा, दहा मिनिटे थांबावे आणि नंतर पाण्याने पुसावा. अल्कोहोल जंतू मारते, पण डीएनए नष्ट करत नाही. एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे : डीएनए काढण्याच्या अनेक संचांमधील द्रावणात ग्वानिडिन थायोसायनेट असते आणि त्याचा हायपोक्लोराइटशी संपर्क आल्यास विषारी वायू तयार होतात. ते द्रावण सांडले तर आधी पाणी आणि साबणाने पुसावे आणि त्याचा कचरा ब्लीचच्या भांड्यात कधीही टाकू नये.

नमुना आणि डीएनए काढणे

रक्त घ्यायचे असेल तर ईडीटीएच्या (कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे धातू बांधून रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्यावे. हेपरिनची नळी टाळावी. हेपरिन डीएनएप्रमाणेच ऋणभारित असते, शुद्धीकरणात बरेचदा बरोबर येते आणि उकळूनही जात नाही. हीम, पित्तक्षार, लघवीतील युरिया, मेलॅनिन आणि विष्ठेतील गुंतागुंतीच्या शर्करा हेही पॉलिमरेजचे ओळखीचे शत्रू आहेत. सिलिकावर आधारित स्तंभ किंवा चुंबकीय मणी वापरताना धुण्याच्या पायऱ्या वगळू नयेत आणि शेवटच्या धुण्यानंतर इथेनॉल पूर्ण उडू द्यावे, कारण उरलेले इथेनॉलही अभिक्रिया दाबते.

स्तंभावरून किंवा मण्यांवरून डीएनए शेवटी कोणत्या द्रावणात उतरवून घेतो, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. डीएनए ठेवण्याच्या नेहमीच्या टीई बफरमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए असते. त्यातील ५ मायक्रोलिटर २५ मायक्रोलिटर अभिक्रियेत गेले तर ०.२ मिलिमोलर ईडीटीए आत येते आणि तेवढेच मॅग्नेशियम बांधून टाकते. संचातले उतरवण्याचे बफर किंवा ०.१ मिलिमोलर ईडीटीए असलेले पातळ टीई वापरल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. २६० आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर डीएनएसाठी १.८ च्या जवळ असावे. मात्र लाळेच्या किंवा नाकातील स्रावाच्या नमुन्यात डीएनए इतके थोडे असते की हा आकडा फारसा विश्वासार्ह नसतो, तेथे अंतर्गत नियंत्रणावरच, म्हणजे प्रत्येक नमुन्यासोबतच चालवलेल्या खात्रीच्या चाचणीवरच, विसंबावे.

मिश्रण

प्रायमर साधारण १८ ते २५ न्यूक्लिओटाइडचे, जी आणि सीचे प्रमाण ४० ते ६० टक्के आणि विलग होण्याचे तापमान ६० अंशांच्या आसपास, जोडीत शक्य तेवढे सारखे, असे निवडावेत. रिअल-टाइम चाचणीत तुकडा ७० ते १५० जोड्यांचा ठेवावा. तयार संच वापरणाऱ्यांना हे ठरवावे लागत नाही, पण आत काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय बिघाड शोधता येत नाही.

एका २५ मायक्रोलिटर अभिक्रियेचे उदाहरण घेऊ. मॅग्नेशियम नसलेले दहापट तीव्र बफर २.५ मायक्रोलिटर, ५० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड १ मायक्रोलिटर, म्हणजे अंतिम २ मिलिमोलर, प्रत्येकी १० मिलिमोलर असलेले चारही न्यूक्लिओटाइडचे मिश्रण ०.५ मायक्रोलिटर, म्हणजे प्रत्येकी ०.२ मिलिमोलर, १० मायक्रोमोलर तीव्रतेचे दोन प्रायमर प्रत्येकी ०.७५ मायक्रोलिटर, त्याच तीव्रतेचा प्रोब ०.५ मायक्रोलिटर; मायक्रोलिटरमागे ५ युनिट असलेले एन्झाइम ०.२५ मायक्रोलिटर, आणि पाणी १३.७५ मायक्रोलिटर. याची बेरीज २० होते आणि उरलेले ५ मायक्रोलिटर नमुन्याचे असतात.

यातील मॅग्नेशियमचा आकडा नीट समजून घ्यावा. चार न्यूक्लिओटाइड मिळून ०.८ मिलिमोलर होतात आणि ते जवळपास तेवढेच मॅग्नेशियम अडवून ठेवतात, त्यामुळे २ पैकी सुमारे १.२ मिलिमोलर एवढेच एन्झाइमच्या वाट्याला मोकळे उरते. त्यातून वर सांगितलेले ०.२ मिलिमोलर ईडीटीए आले की १ मिलिमोलर राहते. मॅग्नेशियम कमी पडले तर उत्पादन घटते, आणि फार वाढवले तर चुकीच्या जागीही प्रायमर टिकून राहतात. नवी चाचणी बसवताना १.५ पासून ३ मिलिमोलरपर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिलिमोलरच्या पायऱ्यांनी पडताळून पाहावे.

सोळा नमुने आणि चार नियंत्रणे (निकाल आधीच ठाऊक असलेल्या अभिक्रिया) असतील तर वीस अभिक्रिया होतात. पिपेटच्या घटीसाठी बावीसचे मिश्रण करावे. त्यात बफर ५५, मॅग्नेशियम २२, न्यूक्लिओटाइड ११, प्रत्येक प्रायमर १६.५, प्रोब ११, एन्झाइम ५.५ आणि पाणी ३०२.५, असे एकूण ४४० मायक्रोलिटर होतात. पाणी आधी आणि एन्झाइम शेवटी घालावे. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असल्यामुळे उणे २० अंशांनाही द्रव राहते आणि घट्ट असते. टिप खोल बुडवली तर तिच्या बाहेरच्या बाजूला चिकटूनच दुप्पट एन्झाइम जाते, म्हणून टिपेचे टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवून हळू ओढावे. जड ग्लिसरॉल तळाशी बसते. नळी चार-पाचदा हलक्या हाताने उलटसुलट करून क्षणभर सेंट्रिफ्यूज करावी. हे मिसळणे राहून गेले म्हणजे थाळीच्या पहिल्या आठ खड्ड्यांत काहीच येत नाही आणि शेवटच्या आठांत सुरेख वक्र येतात. सुरुवातीच्या दिवसांत असा निकाल पाहून मी दोन दिवस यंत्राला दोष देत होतो.

प्रदूषणाविरुद्धची युक्ती अशी की मिश्रणात थायमिडीनऐवजी युरिडीनचे न्यूक्लिओटाइड वापरायचे आणि त्यासोबत युरॅसिल-डीएनए ग्लायकोसायलेज हे एन्झाइम घालायचे. जुन्या चाचण्यांतून आलेल्या प्रतींमध्ये युरॅसिल असते. फेऱ्या सुरू होण्याआधी ५० अंशांना दोन मिनिटे ठेवले की हे एन्झाइम त्यातील युरॅसिल उपटते आणि पुढच्या उष्णतेत त्या प्रती तुटतात. रुग्णाच्या डीएनएत थायमिन असल्यामुळे तो सुरक्षित राहतो. ई. कोलायचे ग्लायकोसायलेज मात्र ९५ अंशांनंतरही थोडे जिवंत राहू शकते, त्यामुळे उत्पादन पुढे वापरायचे असेल तर ते थंड करून ठेवू नये किंवा उष्णतेने पूर्ण मरणारा प्रकार घ्यावा. ही युक्ती जुन्या उत्पादनापासून वाचवते; शेजारच्या नमुन्यातून उडालेल्या थेंबापासून वाचवत नाही.

नियंत्रणे

चार नियंत्रणे अनिवार्य समजावीत : नमुन्याऐवजी पाणी घातलेले रिकामे नियंत्रण, डीएनए काढण्याच्या पायरीपासूनच पाण्यावर चालवलेले नियंत्रण, जोमदार सकारात्मक आणि क्षीण सकारात्मक. यात क्षीण सकारात्मक सर्वात बोलके असते, कारण जोमदार नियंत्रण अर्धमेल्या एन्झाइमवरही वर येते. याशिवाय प्रत्येक नमुन्यात अंतर्गत नियंत्रण हवे. मानवी पेशी असलेल्या नमुन्यात आरनेझ पी हे मानवी जनुक सोयीचे पडते, कारण नमुना नीट घेतला होता की नाही हेही त्यावरून कळते.

फेऱ्या

वरील मिश्रणासाठी, ग्लायकोसायलेज घातले असेल तर, ५० अंशांना २ मिनिटे, ९५ अंशांना एन्झाइमच्या प्रकाराप्रमाणे २ ते १० मिनिटे, आणि त्यानंतर ९५ अंशांना १५ सेकंद व ६० अंशांना १ मिनिट अशा ४० ते ४५ फेऱ्या पुरतात. आरएनए विषाणू असेल तर आधी ५० अंशांच्या आसपास १० ते १५ मिनिटे उलट प्रतिलेखन (आरएनएची डीएनए प्रत काढणे) करावे लागते.

वक्र वाचणे

यंत्र जे सीटी मूल्य, म्हणजे संकेत ठरलेला उंबरठा ओलांडतो त्या फेरीचा आकडा, देते, ते वाचण्याआधी वक्र पाहावा. खरा वक्र सपाट पायथा, मग स्पष्ट चढ आणि शेवटी पठार असा दिसतो. तिरकस सरकत जाणारी रेषा उंबरठा ओलांडते तेव्हाही यंत्र आकडा छापते. दर फेरीत प्रती दुप्पट होत असतील तर तीस फेऱ्यांत एकाच्या सुमारे १०७ कोटी होतात, आणि दहापट फरकासाठी ३.३२ फेऱ्या लागतात. दहा-दहा पटीने पातळ केलेल्या मालिकेत तीव्रतेच्या लॉगॅरिथमविरुद्ध सीटी मांडून येणाऱ्या रेषेचा उतार उणे ३.३२ असेल तर कार्यक्षमता शंभर टक्के, आणि उणे ३.६ ते उणे ३.१ म्हणजे साधारण ९० ते ११० टक्के. या मर्यादेबाहेरची चाचणी रुग्णांच्या नमुन्यांवर वापरू नये. कार्यक्षमता शंभराच्या फार वर दिसली म्हणून आनंद मानू नये, तीव्र नमुन्यांत अवरोधक असल्याचे ते बहुधा लक्षण असते.

लक्ष्य आणि अंतर्गत नियंत्रण दोन्ही न दिसल्यास निकाल नकारात्मक लिहायचा नसतो. तो अवैध असतो. लक्ष्य जोमाने आले आणि अंतर्गत नियंत्रण आले नाही, तर लक्ष्याने सामग्री आधीच संपवली असण्याची शक्यता असते आणि निकाल ग्राह्य धरता येतो. अवैध निकालात डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवावा. एरवी सीटी सुमारे ३.३ ने वाढायला हवे. ते त्याऐवजी कमी झाले किंवा आधी न दिसलेले नियंत्रण उगवले, तर अवरोधक सापडला. मग बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालून पाहावे किंवा डीएनए पुन्हा शुद्ध करावा.

फार उशिरा आलेला सकारात्मक निकाल हा सर्वात त्रासदायक. एका अभिक्रियेत सरासरी तीन प्रती पडत असतील, तर केवळ योगायोगाने शंभरांपैकी पाच अभिक्रियांत एकही प्रत नसते. त्यामुळे तोच नमुना एकदा येतो, एकदा येत नाही, आणि यात कोणाचीही चूक नसते. अशा वेळी दोन स्वतंत्र प्रतिकृती चालवाव्यात आणि शक्य असेल तर नवा नमुना मागवावा. चाचणीची शोधमर्यादा ठरवताना एकाच तीव्रतेच्या वीस प्रतिकृतींपैकी किमान एकोणीस सकारात्मक यायला हव्यात, हा प्रचलित निकष याच अनिश्चिततेला धरून आहे.

डीएनए सापडणे म्हणजे जंतू जिवंत सापडणे नव्हे. क्षयरोगाच्या रुग्णात उपचारानंतरही मृत जिवाणूंचा डीएनए काही काळ सापडत राहतो, म्हणून उपचाराचा परिणाम केवळ अशा चाचणीवरून ठरवू नये. अहवालात «जिवाणूचा डीएनए आढळला» असे लिहावे.

एकाच तापमानाचा पर्याय

थर्मल सायकलर (फेऱ्यांप्रमाणे तापमान बदलणारे यंत्र) नसलेल्या ठिकाणी २००० साली वर्णन झालेली लॅम्प ही एकाच तापमानाला बहुगुणन करणारी पद्धत उपयोगी पडते. तिच्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीएसटी पॉलिमरेज ६० ते ६५ अंशांना धागे स्वतःच बाजूला सारत पुढे जाते, म्हणून ९५ अंशांची गरजच राहत नाही, आणि ते एवढी उष्णता सोसतही नाही; काम संपल्यावर ८० अंशांना पाच-दहा मिनिटे ठेवून ते बंद करतात. चार ते सहा प्रायमर लागत असल्यामुळे ते एकमेकांत अडकून खोटे सकारात्मक निकाल येण्याचा धोका अधिक असतो, आणि उत्पादन इतके प्रचंड असते की नळी एकदा उघडली तरी खोली बराच काळ वापरता येत नाही. रंगबदल पाहून वाचन करत असाल तर वेळमर्यादा आधी ठरवून घ्यावी आणि ती उलटून गेल्यावर बदललेला रंग मोजू नये.

साठवण आणि नवा लॉट

एन्झाइम उणे २० अंशांना ठेवावे, पण आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये नव्हे, आणि थंड ठोकळ्यात ठेवून वापरावे. प्रोब अंधारात ठेवावेत आणि प्रायमरचे छोटे वाटे करावेत, म्हणजे वारंवार गोठणे-वितळणे टळते. नवा लॉट (उत्पादकाकडील नवी खेप) आला की जुन्या लॉटबरोबर त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, क्षीण सकारात्मक नियंत्रणाच्या काही प्रतिकृती आणि आधी तपासलेले नकारात्मक नमुने चालवावेत. क्षीण नियंत्रणाचे सीटी प्रत्येक चाचणीनंतर एका आलेखावर नोंदवत जावे; ते महिनाभरात हळूहळू एक-दीड फेरीने वर सरकले, तर सकारात्मक-नकारात्मक निकालांत अजून काहीच बिघडलेले दिसत नसले तरी त्या दिवशीच एन्झाइमची नळी, प्रोब आणि यंत्राचे तापमान या क्रमाने तपासणी सुरू करावी.